टिपणारं फडकं कोणतं आणि नुसतं ढकलणारं कोणतं?

मीठमिरची (ठाणे), रविवार रात्री ९:१०

परवा सकाळी अर्धा लिटर दूध ओट्यावर गेलं. उतू गेलं असतं तर निदान सवयीचं असतं. पिशवी कापून पातेल्यात ओतत होते, मागे कुकरची शिट्टी झाली, दचकले आणि नेम चुकला. दूध शेगडीच्या पायांखालून, मिक्सरला वळसा घालून थेट ओट्याच्या कडेकडे निघालं.

हाताशी होतं ते नवंकोरं निळं मायक्रोफायबर. गेल्या महिन्यात सहाचा सेट मागवला होता, पाकिटावर ‘भरपूर शोषते’ असं ठळक अक्षरांत. फिरवलं, तर दूध फडक्याच्या पुढे पुढे पळायला लागलं. मी इकडून ढकलतेय, ते तिकडून खाली टपकतंय. तेवढ्यात सासूबाई आल्या. सासऱ्यांच्या जुन्या पंच्याचा मोठा चौकोन हातात होता. तो त्यांनी दुधावर नुसता पसरला आणि हात मागे घेतला. पुसलं नाही, दाबलंही नाही. मी बघतेय तोवर ओल कापडावर पसरत पसरत कडेपर्यंत पोचली. मग चारी कोपरे गोळा करून उचललं आणि सिंकमध्ये पिळलं. “आधी टिपून घ्यायचं, पुसायचं मग,” एवढंच बोलल्या आणि चहा मागून गेल्या. दूध कुठून आणू, हे विचारायचं धाडस झालं नाही.

डोक्यात किडा शिरला. आज दुपारी ओटा मोकळा करून घरातली सगळी फडकी रांगेत मांडली. प्रत्येकासाठी एक आमटीची वाटी पाणी ग्रॅनाइटवर ओतायचं, फडकं पसरायचं, दहा आकडे मोजायचे, उचलायचं. शास्त्रीय वगैरे काही नाही.

जुना पंचा: पहिल्या खेपेत बहुतेक सगळं, पिळून दुसऱ्यांदा ओटा कोरडा.
सोलापुरी टर्किश नॅपकिन: एकाच खेपेत खलास. पण आत्ता रात्री हात लावला तर अजून दमट आहे.
नवऱ्याचं जुनं बनियन: पंच्याच्या खालोखाल.
नवं हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारख्या विणीचं फडकं), दोनदाच धुतलेलं: थेंब वरच्या वर, अळूच्या पानावर बसतात तसे! हे शंभर टक्के सुती आहे हो.
मायक्रोफायबर: वर सांगितलंच. पण गंमत म्हणजे शेवटी जो पातळ ओलावा राहतो ना, तो यानेच सगळ्यात स्वच्छ निघाला. ओटा आरशासारखा.

प्रश्न दोन. सुती असून हनीकोंब पाणी का पीत नाही? आणि मायक्रोफायबर एकीकडे ढ आणि दुसरीकडे हुशार कसं?

तिरकस, रविवार रात्री ९:३२

धाग्याचं फडकं होतं हे माहीत होतं. फडक्याचा धागा आज पाहिला. हघ्या (हलकंच घ्या).

सुगरणपणाचा_आव, रविवार रात्री १०:०५

वाचनखूण साठवली. आमच्याकडे नवरा सांडलेलं पुसतो म्हणजे एका जागचा डाग अख्ख्या ओट्यावर नेऊन वाटतो. सगळ्यांना थोडं थोडं.

उभाआडवा (इचलकरंजी), सोमवार सकाळी ७:४०

ताई, अर्धं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलं आहे, म्हणून बोलतो.

हनीकोंबचं आधी. मागावर चढवायच्या आधी उभ्या धाग्याला खळ देतात. आमच्याकडे सायझिंग म्हणतात, गावात त्याचे वेगळे कारखानेच आहेत. ती दिली नाही तर मागाच्या झटक्यांनी धागा तुटत राहतो. म्हणजे विणून उतरलेल्या कापडात खळ असणारच. त्यात कापसाच्या तंतूला जात्याच मेणाचा पातळ थर असतो. दोन्ही काढायचं काम प्रोसेसवाल्यांचं. आधी खळ काढायची, मग सोड्यात उकळून मेण काढायचं. हलक्या मालात हे अर्धवट उरकतात. वर दुकानात कापड कडक, भरीव, तुकतुकीत दिसावं म्हणून शेवटी पुन्हा कसलंतरी फिनिश. तुम्ही पाणी ओतलं ते सुतावर पडलंच नाही, फिनिशवर पडलं.

उपाय सोपा. धुण्याचा सोडा टाकून उकळा, तीन-चार वेळा चांगलं खळबळा. मग परीक्षा घ्या: कापड वाटीच्या तोंडावर ताणून धरायचं, पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि तो आत मुरेपर्यंत सेकंद मोजायचे. कापडाच्या लॅबमध्येही हीच मूळ परीक्षा. थेंब पडताक्षणी नाहीसा झाला तर कापड तयार. तुमच्या सासऱ्यांच्या पंच्याला वर्षानुवर्षांच्या धुण्याने ही प्रोसेस फुकटात मिळालेली आहे. त्यात विण सैल झालेली, तंतूंची टोकं सुटून वर आलेली. पाण्याला शिरायला वाटाच वाटा.

सोलापुरी नॅपकिनला दोन बीम, म्हणजे उभा धागा गुंडाळलेले रूळ, लागतात. एकावरचा धागा ताठ, त्याने अंग विणलं जातं. दुसऱ्यावरचा सैल सोडतात, त्याचे फास वर येतात. जितके फास तितकी पाण्याला धरायची जागा. तीच जागा वाळायला वेळ घेते, त्याला इलाज नाही.

आता मायक्रोफायबर. ९,००० मीटर धाग्याचं वजन १ ग्रॅम भरलं की तो १ डेनिअर. मायक्रोफायबर त्याहून बारीक. पॉलिएस्टर आणि नायलॉन एकाच तंतूत शेजारी शेजारी ओततात आणि नंतर तो तंतू फोडतात, मोसंबीच्या फोडी सुट्या कराव्यात तसा. पाणी जातं ते फोडींच्या मधल्या फटींत. पॉलिएस्टर स्वतः पाणी पीत नाही. एरवीच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरून बसतो, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. तेव्हा फोडी नीट फुटलेल्या असतील तर फडकं पितं, नसतील तर ते नुसतं प्लास्टिकचं मऊ कापड. तळहातावरून ओढून बघा. कातडीच्या बारीक चिरांत ते अडकल्यासारखं, शिरशिरी आणणारं वाटलं तर फुटलेलं आहे. सरसर घसरलं तर फसलात.

मीठमिरची, सोमवार सकाळी ८:१५

उभाआडवा, दंडवत! ओढून बघितलं. सहापैकी निळी दोन अडकतात, पिवळी चार सरसर जातात. एकाच पाकिटातली! म्हणजे परवा हातात आलेलं निळं तसं बरं होतं, तरी दूध ढकलत होतं?

उभाआडवा, सोमवार दुपारी १:२०

नवं होतं ना? फिनिश त्यालाही असतं. शिवाय तुम्ही फिरवलंत. ओंजळभर द्रवावर कुठलंही फडकं फिरवलं तर पुढे लाट होणारच. फटींत चढायला पाण्याला क्षणभर वेळ द्यावा लागतो. सासूबाईंनी हात मागे घेतला, खरं काम तिथे झालं.

सरकी (अमरावती जिल्हा), सोमवार रात्री ८:५०

आमच्याकडे फडकं नाही म्हणत, मसोतं. चुलीपासचं मसोतं वेगळं, हात पुसायचं वेगळं. एकाचं दुसऱ्याला लावलं की आजी ओरडायची.

मेणाच्या थराबद्दल वर आलंय त्यावर एक घरचा खेळ सांगतो. वाती वळायला जो देवकापूस आणता, त्याचा बोळा पाण्याच्या ग्लासात टाका. तरंगतो. औषधाच्या दुकानातला कापूस टाका. बघता बघता बुडतो, कारण त्याचं मेण काढलेलं असतं. आता तोच तरंगणारा देवकापूस तेलात टाका. गटागट पितो! मेणाचं वैर पाण्याशी आहे, तेलाशी नाही. समईत वात तेल वर ओढत राहते ते त्याच गुणावर. घरच्या शेतातला कापूस असतो, म्हणून आई तेल सांडलं की पहिल्यांदा त्याचा बोळा फिरवायची. मी लहानपणी हे कंजूषपणाचं लक्षण समजायचो.

निम्मा_कप (न्यू जर्सी), मंगळवार पहाटे ४:३०

आमच्याकडे उलटी रड आहे. भारतातून आणलेले पंचे, नॅपकिन पहिले काही महिने छान प्यायचे, आता पाण्यावर तरंगतात. धुतले तर आहेत शंभरदा! उभाआडवा म्हणतात तसं धुण्याने सुधारायला हवेत ना?

उभाआडवा, मंगळवार सकाळी ७:५५

ड्रायरमध्ये सुगंधी कागद टाकता का? किंवा धुताना सॉफ्टनर?

निम्मा_कप, मंगळवार सकाळी ८:०२

दोन्ही. :(

उभाआडवा, मंगळवार सकाळी ८:२०

मग तेच. सॉफ्टनर म्हणजे कापडाला लावलेलं स्निग्ध अस्तर. त्याचं एक टोक सुताला चिकटतं, दुसरं चरबीसारखं बाहेर राहतं. हाताला मऊ लागतं ते त्यामुळेच, आणि पाणी आत शिरत नाही तेही त्यामुळेच. दर धुण्याला एक थर चढतो. ओट्याची फडकी आणि अंग पुसायचे पंचे सॉफ्टनरविना धुवा. सध्याची सोड्यात उकळा, बरीचशी माणसात येतील. मायक्रोफायबर मात्र उकळू नका आणि सुती कपड्यांबरोबर धुऊ नका. त्याच्या फटींत सुताची लव जाऊन बसते.

उत्तरेकडची (गोथेनबर्ग), मंगळवार दुपारी ३:१५

इथे स्वीडनमध्ये जवळपास प्रत्येक सिंकपाशी एक गोष्ट दिसेल: डिस्कत्रासा, म्हणजे इथलं ओट्याचं फडकं. हातरुमालाएवढा चौकोन, वर फुलापानांची नक्षी. वाळला की पोह्याच्या पापडासारखा कडक. मी नवीन आले तेव्हा तो मोडेल म्हणून दोन बोटांनी उचलायचे. पाणी लागलं की क्षणात मऊ पडतो.

हा १९४९ साली कुर्ट लिंडक्विस्ट या स्वीडिश इंजिनिअरने शोधला, वेटेक्स नावाने अजून मिळतो. साधारण ७० टक्के सेल्युलोज, ३० टक्के कापूस. सेल्युलोजच्या लगद्यात क्षाराचे खडे मिसळतात आणि नंतर ते विरघळवून काढतात. खडा गेला की मागे भोक राहतं. अशी भोकंच भोकं असल्यामुळे पितो प्रचंड. मीठमिरचीचं अर्धा लिटर दूध दोन-तीन पिळण्यांत उरकलं असतं. आणि पंच्याइतकाच पटकन वाळतो, हे मला त्याच्या पिण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

वाईट गोष्ट: खरवडायला नालायक. चिकटलेली कणीक किंवा सुकलेलं पिठलं घासायला गेलात तर कोपरे झिजतात. आणि पुरणाचा हात पुसलात तर हळद त्यात कायमची.

तिरकस, मंगळवार दुपारी ३:४०

गोथेनबर्गमध्ये पुरण? पत्ता द्या.

पेट्रीडिश, मंगळवार रात्री ९:२५

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे हा धागा वाचताना हात शिवशिवत होते. सगळे ‘किती पितं’ यावर बोलताहेत. ‘किती वेळ ओलं राहतं’ यावर उत्तरेकडची सोडून कुणीच नाही.

२०१८ मध्ये मॉरिशस विद्यापीठातल्या लोकांनी महिनाभर वापरलेले स्वयंपाकघरातले १०० टॉवेल तपासले. ४९ वर जंतूंची वाढ सापडली. ओल्या टॉवेलांवर कोरड्यांपेक्षा जास्त, आणि एकच टॉवेल भांडी, हात, ओटा अशा सगळ्याला वापरला असेल तर आणखी जास्त. मांसाहारी घरांत आतड्यातले जंतू अधिक मिळाले. तुमचा टर्किश नॅपकिन एका खेपेत वाटीभर पाणी पितो हे खरं. पण रात्रीपर्यंत दमट राहतो, आणि त्यात दुधाचा, डाळीचा अंश असतो. जंतूंना याहून वेगळं काय हवं? सरकीची आजी उगाच ओरडत नव्हती.

मी टर्किश फक्त मोठ्या सांडलवंडीला वापरते आणि लगेच धुण्यात टाकते. रोजच्याला पातळ सुती, दिवसाला दोन.

खारेपाटकर, मंगळवार रात्री १०:१०

पेट्रीडिश, आमच्याकडे जुलैत या नाहीतर. फडकं वाळत घातलं की आणखी ओलं होतं. कुबट वास सुटला की साबणाने जात नाही, मग आई त्याला शेगडीवर उकळते आणि फ्रिजच्या मागच्या जाळीवर टाकते. नवीन फ्रिज घेतला त्याला मागे जाळीच नाही. आईला तो फ्रिज अजून मान्य नाही.

सुगरणपणाचा_आव, बुधवार सकाळी ११:००

एक वाद मिटवा. मी म्हणते फडकं पाणी लावून, घट्ट पिळून मग टिपायला घ्यावं. जाऊबाई म्हणतात कोरडं खडखडीतच हवं, ओलं काय कपाळ पिणार?

उभाआडवा, बुधवार दुपारी २:०५

दोघीही अर्ध्या बरोबर. कोरड्या फडक्यात जागा जास्त, पण पाण्याला आत शिरायला सुरुवातीला वेळ लागतो. पिळलेल्या दमट फडक्यात तंतू आधीच ओले, म्हणून पाणी पटकन ओढलं जातं, पण मावतं कमी. ओंजळभर सांडलं तर कोरडं. चार थेंब, चहाचा गोल डाग, सुकत आलेलं वरण असलं काही असेल तर दमट. जाऊबाईंना निम्मं श्रेय द्या, घरात शांतता राहील.

तूपरोटी, बुधवार दुपारी ४:४५

इतकं डोकं चालवण्यापेक्षा पेपर टॉवेलचा रोल का नाही घेत? टिपा, फेका, संपलं.

सरकी, बुधवार संध्याकाळी ६:२०

घ्या की. पण वाटीभर वरण सांडलं तर किती कागद जातात ते एकदा मोजा आणि रोलच्या किमतीला भागा. तेलाला कागद उत्तम, ते मान्य. त्याला तरी रोल कशाला, रद्दी आहे. तळणीचं तेल ओट्यावर सांडलं की आधी गार होऊ द्यायचं, वर मूठभर कणीक किंवा बेसन भुरभुरायचं, ते तेल प्यायलं की रद्दीने गोळा करायचं. मग साबणाचा हात. पहिल्यांदाच फडकं घातलंत तर फडकंही गेलं आणि ओट्याला तवंग लागला तो वेगळा. विशेषतः मायक्रोफायबर घालू नका. पॉलिएस्टरला तेलाची भारी ओढ, एकदा धरलं की सोडत नाही, आणि पुढे त्याच फडक्याने काच पुसली की रेघाच रेघा.

पेट्रीडिश, बुधवार संध्याकाळी ७:००

तूपरोटींच्या बाजूने एक मत: कच्चं चिकन, मासे, अंडं यांचं पाणी सांडलं तर कागदच. तिथे काटकसर नको. आणि अंडं किंवा दूध सांडलं की लगेच गरम पाणी ओतू नका. प्रथिनं तिथेच धरून बसतात. आधी गार पाणी, नंतर साबण आणि गरम.

तूपरोटी, बुधवार संध्याकाळी ७:१२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

तिरकस, बुधवार संध्याकाळी ७:१५

अहो काढलात कशाला, आत्ता कुठे रंगत होतं!

मीठमिरची, शनिवार रात्री ९:४०

अहवाल देते.

आज सकाळी हनीकोंबची तीनही फडकी, नॅपकिन आणि ओट्यावरची जुनी दोन अशी सगळी पातेल्यात घातली, धुण्याचा सोडा टाकला आणि गॅसवर चढवली. सासूबाईंनी नशिबाने पातेलं बघितलं आणि ॲल्युमिनियमचं काढून स्टीलचं दिलं. सोड्याने ॲल्युमिनियम काळं पडतं म्हणे. पाच मिनिटांत पाणी पिवळट, मग चहाच्या रंगाचं. कोपऱ्यात हळदीचे जुने डाग होते, ते चक्क लालभडक झाले. मी घाबरले, सासूबाई हसल्या. “कुंकू कसं करतात माहीत नाही का तुला? हळदीला क्षार लागला की लाल होतेच.” दुपारी उन्हात टाकली तेव्हा लाल उतरून फिकट पिवळं राहिलं, आता तेही विरतंय.

थेंब-परीक्षा घेतली. हनीकोंब: आधी थेंब मी कंटाळेपर्यंत बसून राहिला होता. आता टाकला आणि गेला. ‘एक’ म्हणेपर्यंत वेळ मिळाला नाही. उभाआडवा, तुम्हाला माझ्याकडून एक मसालेदार चहा. पिवळी सरसर चार मी पंख्याची पाती पुसायला दिली. धूळ मात्र छान धरतात, तेवढ्यापुरती माफी. निळी दोन शेवटचा हात फिरवायला ठेवलीत.

एकच झालं. फडक्यांत अडकलेला जुना साबण सोड्याच्या उकळीबरोबर फेस होऊन वर आला, माझं लक्ष फोनवर, आणि पातेलं उतू गेलं. शेगडी, ओटा, खाली फरशी. आणि घरातली सगळी टिपणारी फडकी पातेल्यात.

सुगरणपणाचा_आव, शनिवार रात्री ९:५२

मग कशाने पुसलंस गं?

मीठमिरची, शनिवार रात्री ९:५५

नवऱ्याने अंगातलं बनियन काढून दिलं.